उशिराची बाई

समीक्षकांचा टीव्हीवर जेवढा राग होता तेवढा दुसऱ्या कुणाचा असता, तर त्याने संच उचलून रस्त्यावर फेकला असता. समीक्षकांनी त्यावर घर चालवलं. एका मोठ्या वर्तमानपत्रात दर बुधवारी त्यांचा 'बटण' नावाचा स्तंभ यायचा. त्यात ते एखाद्या मालिकेची यथासांग हजामत करायचे आणि शेवटी ठरलेलं वाक्य लिहायचे, 'बटण आपल्या हातात आहे.' मालिका काढणारी मंडळी त्यांना पाठीमागे 'कारलं' म्हणत. तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. हे कानावर आलं तेव्हा समीक्षक खूश झाले होते. आपल्याला अखेर कुणीतरी ओळखलं, असं त्यांना वाटलं.

पण बटण तरी किती दिवस हातात राहणार? आधी स्तंभ बंद झाला. मग बायको गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. आणि एका सकाळी न्हाणीघरात पाय घसरून समीक्षकांचा खुबा मोडला. हाड जुळलं, पण आता एकट्याने राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा लेक त्यांना आपल्या घरी घेऊन निघाली. लेक दातांची डॉक्टर होती. समोरच्याने तोंड उघडं ठेवावं आणि बोलू मात्र नये, याची तिला सवय होती. गाडीतच तिने अटी सांगितल्या.

"बाबा, दोन महिने बघू. तुमचं आणि अण्णांचं जमलं तर कायमचे आमच्याकडेच राहा. नाही जमलं तर टेकडीवरचा वृद्धाश्रम मी बघून ठेवलाय. स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत."

"तिथे टीव्ही आहे?"

"प्रत्येक खोलीत."

समीक्षकांनी डोळे मिटून घेतले.

"आणि अजून एक. अण्णा दिवसभर टीव्ही बघतात. तुम्ही गप्प बसणार नाही, हे मला माहीत आहे. बोला. बातम्यांना बोला, गाण्याच्या स्पर्धांना बोला, अण्णा काही ऐकून घेणारे नाहीत, तेही बोलतील. पण 'पिछाडी'ला बोलायचं नाही. एक अक्षर नाही."

"'पिछाडी'? ती लष्करी माकडचेष्टा? ती अजून दाखवतात?"

"आत्ता जे बोललात ना, नेमकं तेच बोलायचं नाही."

अण्णा म्हणजे लेकीचे सासरे, समीक्षकांचे व्याही. ते लष्करात कोठारावर होते. घोंगड्या, बादल्या आणि बूट यांच्या सहवासात त्यांची चाकरी गेली, आणि आपण एकही गोळी झाडली नाही, हे ते छाती पुढे काढून सांगायचे. समीक्षकांना लग्नाच्या मांडवात हा माणूस भेटला होता, तेव्हाच तो त्यांनी मनातल्या मनात निकालात काढला होता. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, अशी म्हण आहे. इथे घोडं कुणी धाडलं नव्हतं, व्याहीच सोफ्यावर रिमोट घेऊन बसले होते, आणि समीक्षकांना त्यांच्या शेजारी दिवस काढायचे होते.

पहिल्याच दिवशी कोर्टाची मालिका लागली. काळ्या कोटातला वकील टेबलावर मूठ आपटत होता.

"काय बोलतो बघा! समोरच्याचं तोंडच बंद," व्याही म्हणाले.

"समोरच्याला बोलायला वाक्यच दिलेलं नाही. तो काय करील? आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला याहून बरा वाद घालतो."

"मग त्याची मालिका काढायची होती तुम्ही."

दवाखान्याच्या मालिकेत रोगी शेवटच्या घटका मोजत होता आणि दोन डॉक्टर जिन्यात एकमेकांचे हात धरून उभे होते. समीक्षक म्हणाले, इथे रोग्यापेक्षा कथा आधी मरणार. गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकांच्या डोळ्यांना पाणी आलं, त्याबरोबर व्याह्यांच्याही आलं. समीक्षक म्हणाले, ते रडणं सकाळीच ठरलेलं असतं, तुमचं तेवढं खरं आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. प्रश्नमंजूषा मात्र व्याह्यांनाच खपत नसे. "विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतं," ते म्हणत, "मग विचारतो कशाला? उगाच एखाद्याची फजिती!" या एका बाबतीत दोघांचं एकमत झालं आणि दोघांनाही ते आवडलं नाही.

एकदा समीक्षकांनी हट्टाने आपल्या आवडीची मालिका लावायला लावली. उभ्या आयुष्यात त्यांनी ज्या एका मालिकेची स्तुती केली होती, ती हीच. एक दीपगृह, एक म्हातारा राखणदार आणि समुद्र. व्याही गुडघ्यावर हात ठेवून निष्ठेने बघत राहिले. मग उठले आणि त्यांनी संचाला मागून थापट मारली.

"अहो, हे काय करता?"

"चित्र अडकलंय ना?"

"अडकलेलं नाही. तो विचार करतोय!"

"एवढा वेळ? आमच्याकडे असता तर साहेबाने त्याला विहिरीवर पाणी ओढायला पाठवला असता."

गाढवापुढे वाचली गीता, असं समीक्षक पुटपुटले. व्याह्यांना ऐकू आलं. कालचा गोंधळ बरा होता, असं तेही पुटपुटले. लेक आणि जावई जेवणाच्या टेबलावरून हे ऐकत आणि एकमेकांकडे बघत. जावई मोजून बोलणारा माणूस होता आणि त्याचा बहुतेक वेळ मोजण्यातच जायचा. लेक हसायची. एवढं चालेल, असा तिच्या हसण्याचा अर्थ समीक्षकांनी घेतला, आणि त्यांची जीभ रोज थोडी अधिक सैल सुटली.

रविवारची दुपार मात्र निराळी होती. रविवारी 'पिछाडी' लागायची. आघाडीपासून दूर, एका ओसाड माळावर लष्कराचं कोठार. तिथे शत्रू कधी येत नाही, फक्त वरून हुकूम येतात. अख्ख्या युद्धात त्या कोठाराला बुटांच्या पेट्या येतात त्या सगळ्या डाव्या पायाच्या. उजवे बूट कुठे गेले, याचा शोध घेत पाच वर्षं मालिका चालली. समीक्षकांच्या मते तो विनोद पहिल्या पाच मिनिटांतच मेला होता आणि पुढे नुसती तिरडी फिरवत होते. पण लोकांनी ती डोक्यावर घेतली, आणि आता जुन्या फिती धुऊनपुसून, 'अजरामर' असं शीर्षकाआधी लिहून, पुन्हा दाखवत होते. युद्धासारख्या गोष्टीवर पोट धरून हसायचं, म्हणजे लोकांना ना युद्ध कळलेलं ना पोट, असं समीक्षकांचं स्पष्ट मत होतं.

रविवारी जेवणं झाली की लेक दवाखान्याचा फोनसुद्धा बंद करायची आणि सासऱ्यांशेजारी पाय वर घेऊन बसायची. समीक्षक आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. भिंतीपलीकडून आधी चित्रीकरणाला बसवलेल्या प्रेक्षकांचा हशा यायचा, मग व्याह्यांचा, मग लेकीचा. शिकलीसवरलेली, दुसऱ्यांच्या दाढा उपटणारी बाई, आणि हसते कशाला, तर डाव्या बुटांना! सासऱ्यांचं मन राखायला हसत असेल, अशी त्यांनी समजूत करून घेतली. पण ते हसू मन राखणारं वाटत नव्हतं, आणि तेच त्यांना बोचत होतं. त्यांच्या लेखांना ती कधी अशी हसली नव्हती, आणि ते लेख तर खरोखर विनोदी होते.

मग जावयाने नवा स्पीकर आणला. टीव्हीखाली ठेवायची एक लांबट काळी पट्टी. पात्राने सुस्कारा सोडला तरी तो पार स्वयंपाकघरात ऐकू यायचा. त्या रविवारी व्याही स्वतः समीक्षकांच्या दाराशी आले.

"या ना, व्याहीबुवा. आज पेटी उघडतात तो भाग आहे. नव्या आवाजात ऐकायचाय. एकटे काय बसताय आत?"

लेक सोफ्यावरून बघत होती. तिने नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यात 'या'ही होतं आणि 'जपून'ही होतं. समीक्षक काठी टेकत बाहेर आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले.

खरं सांगायचं तर त्यांनी निम्मा भाग तोंडाला कुलूप लावून काढला. पडद्यावर जाडा मेजर आला, त्याने नवी पेटी फोडायचा हुकूम दिला. कोठारवाल्याने एक बूट काढला. डावा. दुसरा काढला. डावा. तिसरा काढला, सगळे श्वास रोखून उभे, आणि तो निघाला उजवा! पण लहान मुलाचा. हशाचा नुसता लोंढा आला. व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. लेक उशीत तोंड खुपसून हसली. आणि समीक्षकांच्या कुलपाची कडी तुटली. जित्याची खोड, दुसरं काय.

"हा विनोद?" ते म्हणाले. "मी तेव्हाच लिहिलं होतं. अजून पाठ आहे मला. 'या मालिकेचे लेखक डाव्या हाताने लिहितात आणि दोन्ही हातांनी हसवू पाहतात. हशा पिकवायला त्यांनी समोर जिवंत माणसं बसवली आहेत. त्यांत एक बाई आहे. सगळ्यांचं हसून झालं की ही हसायला लागते. बिचारीला समजायला वेळ लागतो. पण असल्या मालिकेला असलाच प्रेक्षक हवा, बुद्धीने मंद आणि आवाजाने मोठा.' लोकांनी कापून ठेवला होता तो लेख! बटण आपल्या हातात आहे, व्याहीबुवा, पण अक्कल—"

लेक उठली. तिने उशी जागेवर नीट ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. जावई तिच्या मागे जायला उठला, दारापर्यंत गेला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, गॅलरीत निघून गेला. दोन महिने भरायला अजून अवकाश होता, आणि टेकडीवरच्या खोल्यांत टीव्ही होता. समीक्षकांना एवढं कळलं. पण चुकलो कुठे, ते कळलं नाही. लेख तर उत्तम होता.

व्याह्यांनी चित्र थांबवलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मला काय म्हणायचं ते म्हणा," ते म्हणाले. "मेजरला म्हणा. पण उशिराच्या बाईला बोलायचं काम नाही."

"कुणाला?"

"उशिराची बाई. मीच नाव ठेवलंय. तुम्ही जिला मंद म्हणालात ना, ती. अहो, सगळे हसतात ते बूट बघून. ही बूट बघून हसतच नाही. ही थांबते. कोठारवाल्याचं तोंड कसं पडतं, ते बघते, आणि मग हसते. मालिकेची अर्धी जान ती बाई आहे! ऐका तुम्ही. नीट ऐका."

त्यांनी भाग मागे नेला. पेटी. डावा. डावा. लहान मुलाचा उजवा. हशाचा लोंढा आला, ओसरला. पडद्यावर कोठारवाला तो चिमुकला बूट तळहातावर घेऊन खुळ्यासारखा उभा होता. आणि तेव्हा ती हसली. आधी घशात अडकल्यासारखं, मग एकदम मोकळं, खळखळून, शेजारच्यापाजारच्याची पर्वा नसलेलं हसू. समीक्षकांना ते ओळखीचं वाटलं नाही. त्यांनी असं हसू आपल्या घरात कधी ऐकलंच नव्हतं.

मग त्या हसण्याच्या शेवटी, धापा टाकत, ती कुणाशी तरी बोलली. जुन्या संचातून ते कधी कुणाला ऐकू आलं नसेल. नव्या पट्टीतून ते स्वच्छ खोलीत आलं.

"पुरे गं, पोट दुखलं."

समीक्षकांच्या हातातली काठी जमिनीवर पडली.

हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. लेक लहान असताना ते बाहेरच्या खोलीत लिहायला बसायचे. आत मायलेकींची काहीतरी खुसखुस चालायची. ते इथून "आवाज!" म्हणून ओरडायचे. आणि आतून, तोंडावर हात दाबून म्हटलेलं, हेच ऐकू यायचं. पुरे गं, पोट दुखलं. मग सगळं चिडीचूप. त्यांनी हे वाक्य नेहमी दाराच्या या बाजूने ऐकलं होतं. आणि 'गं' कुणाला म्हणाली ती? शेजारी बसलेल्या कुणा पोरीला.

"ऐकलंत?" व्याही म्हणाले. त्यांचा राग तेवढ्यात उतरलाही होता. "दोन वर्षं दर भागात आहे ती. तिसऱ्या वर्षापासून गायब. मी तर धरूनच चाललोय, की वारली असेल बिचारी. नाहीतर असं हसणारी बाई मधेच उठून जाईल होय?"

समीक्षकांनी वाकून काठी उचलली. खुबा ठणकला. भिंतीला धरत ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. लेक धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होती.

"तू होतीस शेजारी," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही दोघी तर शनिवारी मावशीकडे जायचात."

"मावशीकडे मी आयुष्यात चारपाचदा गेले असेन." तिने नळ बंद केला, पण वळली नाही. "वाहिनीवाले तुमच्या नावाने शनिवारच्या चित्रीकरणाचे पास पाठवायचे. तुम्ही पाकीट न फोडता कचऱ्याच्या डब्यात टाकायचात. आई ते काढायची, पुसायची. आम्ही मागच्या रांगेत बसायचो. तिथे 'आवाज' म्हणणारं कुणी नव्हतं."

"आणि लेख... तिने वाचला?"

"मोठ्याने वाचला. तुमचे सगळेच लेख ती मला वाचून दाखवायची. बाबा कसं लिहितात बघ, म्हणायची. 'समजायला वेळ लागतो' इथपर्यंत वाचलं आणि थांबली. मग म्हणाली, बरोबर आहे त्यांचं, मला उशीरच होतो. पुढच्या शनिवारी मी चपला घालून दारात उभी होते. ती म्हणाली, आज नको."

"मला सांगायचं होतं कुणीतरी."

"कशाला? त्यावरही लिहिलं असतंत तुम्ही. लोकांनी कापून ठेवलं असतं." आता ती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. समीक्षक आयुष्यभर ज्या नजरेने टीव्हीकडे बघत आले, त्या नजरेने ती त्यांच्याकडे बघत होती. "मी तुम्हाला आणलं, कारण तुम्ही बाप आहात आणि तुमचा खुबा मोडला. पण आठवड्यातून एकदा मला माझी आई ऐकायला मिळते. अण्णांना माहीत नाही ती कोण आहे. त्यांना ती नुसती आवडते. या घरात तिला पुन्हा कुणी मंद म्हणायचं नाही. ते जमत नसेल तर टेकडीवर मी उद्याच फोन करते. दोन महिने कशाला थांबायचं?"

समीक्षक परत फिरले आणि काठी टेकत बाहेर आले.

व्याही रिमोट हातात घेऊन तसेच बसले होते. पडद्यावर मेजर तोंड वासून थांबला होता.

"बंद करू का?" व्याह्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता नुसता संकोच होता. "तुम्हाला त्रास होतो. मी आपला नंतर बघीन."

"मागे घ्या," समीक्षक म्हणाले आणि कोपऱ्यातली खुर्ची सोडून सोफ्यावर बसले.

"कुठपर्यंत?"

"पेटी फोडतात तिथपर्यंत."

व्याह्यांनी त्यांच्याकडे जरा संशयाने बघितलं, पण मागे घेतलं. मेजर ओरडला. डावा बूट निघाला. पुन्हा डावा. मग तो लहानसा उजवा. लोंढा आला आणि गेला. समीक्षकांनी बुटाकडे बघितलं नाही. त्यांनी कोठारवाल्याच्या तोंडाकडे बघितलं. ते तोंड असं काही पडलं होतं, की जणू जगातले सगळे हुकूम त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येऊन आदळलेत आणि त्याने करायचं काय, तर हा एवढासा बूट सांभाळायचा. ती हसली. पुरे गं, म्हणाली. आणि समीक्षकांच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. तो रडण्याचा की हसण्याचा, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. व्याह्यांनी तो हसण्यात जमा केला.

"आत्ता हसलात?" ते आनंदाने ओरडले. "अहो, बूट निघून पार जुना झाला! जाऊ दे. काही माणसांना समजायला वेळ लागतो."

समीक्षकांनी मान खाली घातली.

"लागतो," ते म्हणाले.

लेक दारात उभी होती. हात ओलेच होते. मग आत आली, हात ओढणीला पुसले आणि सोफ्यापाशी येऊन म्हणाली, "सरका जरा, बाबा."

ते सरकले. ती मधे बसली, पाय वर घेऊन.

"अण्णा," ती म्हणाली, "पुन्हा लावा."